चौथा कोपरा

थोरल्याने कप आपटला.

बाहेरच्याला यात विशेष काही वाटणार नाही. घरोघरी कप आपटतात, दारं आपटतात, माणसंही आपटतात. पण हे काचवाल्यांचं घर. इथे कप ठेवायचा तर आधी करंगळी टेबलाला टेकवायची, कप त्या करंगळीवर उतरवायचा आणि मग करंगळी अलगद काढून घ्यायची. पोर धड बोलायला लागायच्या आत त्याला हे यायला हवं. तोंडाने हवं तेवढं ओरडा, हात शांत ठेवा, हा आबांचा कायदा. त्या कायद्याखाली दुकानावरच्या या खोलीत वाटणीच्या गोष्टी झाल्या, शिव्याशाप झाले, एक ठरलेलं लग्नही मोडलं. पण भांडं कधी वाजलं नव्हतं.

म्हणून सगळे आधी कपाकडेच बघत राहिले. बुडाला तडा गेला होता आणि चहा टेबलावर पसरत होता.

"बघताय काय?" थोरला म्हणाला. "उद्या सकाळी काच बसणार म्हणजे बसणार. मी शब्द दिलाय."

"शब्द मीही दिलाय," धाकट्याची बायको म्हणाली. तिच्या हातात फडकं होतं, पण ती पुसत नव्हती. "माझ्या पोरीला. उद्या सकाळी तिचं विमान आहे. भाऊजी, तुम्हाला महिनाभर माहीत आहे."

"मग परवा जाईल."

"विमान म्हणजे तुमचा टेम्पो वाटला का, हात केला की थांबायला?"

पैलवान, म्हणजे थोरल्याचा मुलगा, फस्सकन हसला आणि बापाने बघताच खोकल्याचं सोंग केलं. आत्या हसली नाही. दोघा भावांच्या मधली ही बहीण खिडकीपाशी बसून आपल्या चामडी हातमोज्याची उसवलेली शिवण घालत होती. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, अधू हात खिशात घालून. आबा, या तिघांचे वडील, आरामखुर्चीत डोळे मिटून. आणि जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कपची. काच कापताना उडतो ना एवढासा तुकडा, त्यावरून आबांनीच ठेवलेलं नाव. बाविसावं लागलं तरी तिच्या उंचीने काही मनावर घेतलं नव्हतं.

भांडण साधं होतं. खाली गोडाऊनमध्ये लाकडी घोडीवर एक काच उभी होती, नव्या शोरूमच्या दर्शनी भागाची, अख्खी, मध्ये सांधा नसलेली. एवढी मोठी काच या दुकानाने आजवर उचललेली नव्हती. असली काच चौघांनी उचलायची आणि ते चौघं घरचेच हवेत, हाही आबांचा कायदा. आबा तरुण असताना भाड्याने बोलावलेल्या एका माणसाने न सांगता आपला कोपरा सोडला होता. आबांचा उजवा पाय तेव्हापासून ओढत चालतो. पुढचे दोन कोपरे थोरल्याचे आणि पैलवानाचे, मागचा एक आत्याचा. चौथा धाकट्याचा होता. त्याचा तळहात फाटला, दोन बोटं मिटेनाशी झाली, आणि त्या जागी त्याची ही टीचभर पोरगी उभी राहिली. चार वर्षं झाली. एकदाही तिचा कोपरा हलला नाही.

"दादा," धाकटा एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलला, "शोरूमवाला आठवडाभर थांबायला तयार होता. तारीख तू दिलीस. मुद्दाम."

"दिली मुद्दाम. मग?"

ज्यांना 'जाऊ नकोस' एवढे दोन शब्द प्रेमाने म्हणता येत नाहीत ते असंच एखादं काम काढून बसतात. घराघरांत बसलेत असले लोक. वर आव असा, की धंदा आम्हीच सांभाळतोय.

"फुटबॉलच्या निवडीत चारदा पाडलं तिला," थोरला म्हणाला. आता आवाज खाली आला होता. "चौथ्यांदा नाव आलं नाही तेव्हा आठवडाभर खाली काचांमध्ये बसून होती ही. बोलत नाही, वर येत नाही. ताट घेऊन कोण जात होतं खाली? तुम्ही दोघं तर नवरा-बायको एकमेकांना दोष देण्यात गुंतला होता. मी जात होतो. घास खाल्ल्याशिवाय उठत नव्हतो. आता ही समुद्रापलीकडे पडली, तर तिथे ताट घेऊन कोण जाणार?"

धाकट्याच्या बायकोने शेवटी टेबल पुसायला घेतलं.

"ती पडणार हे तुम्ही ठरवूनच टाकलंत," ती म्हणाली, पण मघाचा जोर नव्हता.

"मी कशाला ठरवू? निवडवाल्यांनी ठरवलं. चार-चार वेळा. ते सगळे आंधळे आहेत का?"

"हो," कपची म्हणाली.

*

आंधळे नव्हते, ते आळशी होते, आणि आळशीपणा आंधळेपणापेक्षा वाईट. पहिल्या निवड चाचणीला एकाने तिला मैदानाबाहेर गेलेले बॉल गोळा करायला पाठवलं होतं. ही खेळायला आली आहे हे त्याच्या डोक्यातच शिरलं नाही. नंतरच्या वेळी भिंतीशी उभं करून उंची मोजली आणि 'या घरी' म्हणाले. बूट बांधलेले तसेच सोडावे लागले. मग एकाने शोध लावला की पायात जोर नाही. आणि चौथ्यांदा, जेव्हा ती खरोखर सगळ्यांत चांगली खेळली, तेव्हा निवड करणारे साहेब शामियान्यात बसून कुणाच्या तरी बढतीबद्दल गप्पा मारत होते. तिने ऐकलं होतं ते. बॉल पायाशी असताना ऐकलं होतं.

दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपरा धरायला हजर. फक्त त्या चौथ्या वेळी आठवडा गेला. पण आठवड्यानंतर उठली ना. ते कुणी मोजत नाही.

मग एका स्पर्धेत कुणाचा तरी घोटा मुरगळला आणि राखीव बाकावरून हिला उतरवलं, दुसरं कुणी उरलंच नव्हतं म्हणून. समोर पाहुणा संघ, त्यांची कोच परदेशी बाई. सामना संपल्यावर ती बाई आपल्या मुलींना सोडून सरळ हिच्याकडे आली आणि दुभाष्याकडून एकच प्रश्न विचारला, बॉल तुझ्या पायाशी येतो तेव्हा त्याचा आवाज का होत नाही?

तिने शिबिराला बोलावलं, महिनाभर पळवलं, आणि परत पाठवलं. अंगात ताकद आण, मग बघू. घरात सगळ्यांना वाटलं, संपलं. गोड शब्दांत पाडलं एवढंच. कपचीला तसं वाटलं नाही. 'बघू' म्हणाली ना, मग तिला बघावं लागेल. पुढे दर महिन्याला हिचा त्या बाईला फोन. मोडकीतोडकी भाषा, आधी पाठ केलेली चार वाक्यं. पहाटे टेकडी, दिवसभर काच, संध्याकाळी बंद गिरणीच्या आवारात पुरुषांबरोबर खेळ. ते धक्के मारायचे, पाडायचे. ती उठायची. शेवटी बाईनेच फोन केला. क्लब तिथल्याही दुसऱ्या फळीतला, गाव लहान, करार एका मोसमाचा. पण खेळायचा पगार. खेळणं हेच काम.

आणि आता या खोलीत, उद्याच्या सकाळसाठी, चार माणसं तिच्यावर बोली लावल्यासारखी भांडत होती.

"ताई, तुम्ही तरी सांगा," कपचीची आई आत्याला म्हणाली.

आत्याने दोरा दाताने तोडला. "मी काय सांगू? मलाही बोलावलं होतं एकदा. मैदानात पोरं माझ्या फटक्याला घाबरून गोल सोडून पळायची. तेव्हा तिसरा कोपरा रिकामा होता. राहिले मी. मेले का?"

"अगदी मेली नाहीस," धाकटा म्हणाला, "पण बोलतेस मेल्यासारखी."

"तू गप रे. तुझा हात धड असता तर आज हा प्रश्नच नव्हता."

धाकट्याचा खिशातला हात आणखी आत गेला. कपची उठून उभी राहिली.

"बाबांना काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "मी पळून जाणार नाहीये. बॅग भरलेली आहे, तरी काच उभी असताना कोपरा सोडून मी जाणार नाही. मोठे काका, तुम्ही 'सोड' म्हणालात तर जाईन. नाही म्हणालात तर उद्या मी कोपऱ्यावर आहे."

"अगं ए मूर्ख मुली!" आई किंचाळली.

थोरला जिंकला होता. हवं ते मिळालं होतं. पण त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. तो पोरीकडे बघत राहिला, आणि मग सुटायला काहीतरी हवं म्हणून उगाच उखडला.

"आवाज होत नाही म्हणे! हा काय गुण आहे? गोल मारता येत नाही, उंची नाही, तर म्हणे आवाज होत नाही. शिकवलं कुणी तुला हे?"

"तूच," आबा म्हणाले.

सगळे वळले. आबांचे डोळे उघडे होते, कधीपासून कोण जाणे.

"करंगळी आधी, वजन नंतर. ती पायाने करते एवढंच. खाली गोडाऊनमध्येच शिकली. तू हिशेबाला वर आलास की ती खाली सुरू."

"खाली? काचांमध्ये?" थोरल्याला घाम फुटला. "बॉल? आत? आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"मी जिन्यापाशी बसायचो. ती कप्प्यांच्या पलीकडे. ऐकू काहीच यायचं नाही. पण एका काचेतून दुसऱ्या काचेत दिसायची." आबा थोडे हसले. "एकीच्या सात कपच्या दिसायच्या."

"आणि हा पैलवान काय करत होता?"

पैलवानाने छताकडे बघितलं. "मी... लक्ष ठेवत होतो."

"कुणावर?"

"तुमच्यावर."

*

सगळे जिना उतरले, ही काचांमध्ये कशी खेळते ते बघायला. पुढे थोरला, रागाने लाल. गोडाऊनच्या मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना कप्प्यांत काचा उभ्या होत्या, साध्या, दुधी, आरसे, आणि टोकाला घोडीवर ती मोठी. बॉल शटरबाहेर जाळीत टांगलेला असायचा, आत आणायची परवानगी नव्हती. पैलवानाने तो आणला आणि उंबऱ्यावर क्षणभर थबकला. लहानपणापासूनची सवय.

"आण आत," थोरला म्हणाला. "तू जा तिकडे. त्या काचेपुढे उभी राहा. मी बॉल टाकतो. फुटली, तर विमानाचं नाव पुन्हा या घरात निघायचं नाही. कबूल?"

"भाऊजी, वेड लागलंय का तुम्हाला? उद्याची काच आहे ती!"

"कबूल," कपची म्हणाली. चपला काढून ती वाटेच्या टोकाला गेली. तिच्या मागे ती काच, आणि काचेत हे सगळे उभे दिसत होते, लहान लहान.

थोरल्याने बॉल खाली ठेवला. पाय मागे घेतला. बॉल घरंगळत गेला, एखाद्या बाळाकडे सोडावा तसा.

"जोरात, काका."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने दात खाऊन पाय मागे नेला आणि पाय बॉलपाशी येऊन आपोआप मंदावला. पन्नाशी उलटलेला माणूस, सगळा जन्म काचेत गेला. डोकं म्हणत होतं मार, अंग ऐकत नव्हतं. तो स्वतःच्याच पायाकडे बघत राहिला.

"सर बाजूला," आत्या म्हणाली.

हातमोजे तिने धाकट्याकडे फेकले. चप्पल भिरकावली. किती वर्षांनी बॉल समोर होता, तिने आठवायचा प्रयत्नही केला नाही. पायाला आठवत होतं. वाटेच्या टोकाला भाची उभी होती, तेवढीच, जेवढी ती स्वतः होती तेव्हा. खरं सांगायचं तर, पाय उचलला त्या क्षणी आत्याला वाटलं, फुटू दे. होऊ दे चक्काचूर. राहू दे हिलाही इथेच, माझ्या शेजारच्या कोपऱ्यावर. माणसाच्या मनात असलं येतं. न आल्याचं जे सांगतात ते खोटं बोलतात.

आणि तिने मारला. सगळ्या आयुष्याचा फटका होता तो. गोडाऊनभर धाडकन आवाज घुमला, आई खाली बसली, थोरल्याने डोळे मिटून घेतले.

मग काहीच नाही.

कुठे खळ्ळ नाही, तुकडा नाही. फटक्याने कप्प्यांतल्या काचा बारीक गुणगुणल्या आणि गप झाल्या. थोरल्याने डोळे उघडले. कपची एका पायावर उभी होती. दुसरा पाय मागे घेतलेला, मोठ्या काचेपासून वीतभर अंतरावर, आणि बॉल त्या पायावर बसला होता. जणू तिथेच ठेवलेला होता सकाळपासून. तिने पाय खाली आणला, बॉल जमिनीवर उतरवला. त्याचाही आवाज झाला नाही.

आत्या तशीच उभी होती. तिचा पाय दुखत असणार. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"सटवी," ती म्हणाली. "माझा फटका खाऊन बसली." मग तिने नाक ओढलं आणि भावाकडे वळली. "दादा, ऐक. हिला उद्या इथे ठेवलंस, तर तिसरा कोपराही रिकामा समज. मी राहिले तेव्हा कुणी बघितलं नव्हतं मला. हिला आपण सगळ्यांनी बघितलंय. आता कुठल्या तोंडाने थांबवणार?"

"माझाही कोपरा रिकामा," पैलवान घाईघाईने म्हणाला.

"वा! म्हणजे मी एकटाच पाठीवर घेऊन जाऊ काच?"

"सुताराला बोलाव," आबा जिन्यावरून म्हणाले.

थोरल्याला आधी कळलंच नाही. "बाहेरच्याला? आबा, तुमच्या पायाचं—"

"माझा पाय बाहेरच्याने नाही मोडला. न सांगता सोडणाऱ्याने मोडला. ही सांगून सोडतेय. चांगली सगळ्यांसमोर उभी राहून."

"मग इतकी वर्षं हा घरच्यांचा कायदा कशासाठी पाळला आम्ही?"

"तो तुम्हीच केलात. मला कुणी विचारलं नाही."

धाकटा हसायला लागला. इतका, की अधू हात खिशातून बाहेर आला आणि त्याने तो तसाच पोरीच्या डोक्यावर ठेवला.

*

शेजारचा सुतार अंगावरचा भुसा झाडत आला. काय हवंय ते ऐकून त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"भिंतीला भिंत लागून एवढी वर्षं गेली. तुमच्या काचेला मी चौकटी करून दिल्या, पण काचेला बोट लावू दिलं नाहीत कधी. म्हटलं, विटाळ होतो की काय माझा."

"लाकूडवाले तुम्ही. ठोकल्याशिवाय तुम्हाला काही जमत नाही," थोरला म्हणाला.

"आणि तुम्हाला ठोकलं की रडू येतं."

उद्याचं ठरलं. कोपरा कसा धरायचा, पाऊल कधी टाकायचं, हाक कुणाची ऐकायची, हे कपचीने त्याला एका जुन्या काचेवर दाखवलं. थोरला बाजूला उभा राहून चुका काढत होता, सुताराच्याही आणि तिच्याही. आईने सगळ्यांना पुन्हा चहा आणला. सुताराने कप संपवून खाली ठेवला, खाट्‌! घरातल्या सगळ्यांचे खांदे एकदम वर आले.

"करंगळी," थोरला त्याच्यावर ओरडला. "आधी करंगळी घाल खाली! उद्या असाच ठेवणार आहेस का माझी काच?"

"तुझा कप वर टेबलावर अजून तसाच आहे, दादा," आत्या म्हणाली. "फुटका."

थोरल्याने ऐकलं नाही असं दाखवलं. तो हातमोजे टांगायच्या खुंट्यांपाशी गेला. चौथ्या खुंटीवर कपचीचे हातमोजे होते, इतके लहान की घरात दुसऱ्या कुणाला बसत नव्हते. सुताराचा तर त्यात अंगठा मावला नसता. थोरल्याने ते काढले, एकात एक घातले, आणि शटरपाशी ठेवलेल्या तिच्या बॅगेची चेन उघडून वरच कोंबले.

"काका, ते काचेचे आहेत. तिकडे काय करू मी त्यांचं?"

"थंडी असते म्हणे तिकडे."

"थंडीत हे काही कामाचे नाहीत."

"असू देत." त्याने चेन लावली. लागेना, तेव्हा गुडघा टेकून लावली. मान वर केली नाही. "तिथे विचारतील तुला. त्या बाईने विचारलं तसं. आवाज का होत नाही म्हणून. तेव्हा निवडवाल्यांचं नाव घेऊ नकोस, क्लबाचं नको, देवाचंही नको. हे दाखव. सांग, आमचं काचेचं दुकान आहे."

"सांगेन."

"आणि जेवत जा."

तो उठला. जाताना शटरबाहेरची रिकामी जाळी त्याला दिसली. बॉल आतच होता, मोठ्या काचेच्या पायाशी. बाहेर ठेव म्हणून ओरडायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. शटर त्याने तसंच खाली घेतलं, जमिनीला टेकायच्या आधी तळवा खाली घालून, आवाज न करता.